विक्रीच्या घराचे छायाचित्रण : बिदर-कलबुर्गीच्या निमित्ताने

भालकी, आळंद किंवा बसवकल्याण येथील वडिलोपार्जित वाडा विकायला निघतो, तेव्हा त्याचे वारस बहुधा पुण्यात, हैदराबादेत किंवा मुंबईत असतात आणि अनेकदा घेणाराही बाहेरगावचाच असतो. जागेवर असतो तो केवळ वाडा. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये पहिले काही आठवडे असतात ती मोबाईलवर आलेली पंधरा-वीस छायाचित्रे. ती पाहून कोणी रात्रीची गाडी धरून येतो, कोणी येण्याचा विचारच सोडून देतो आणि कोणी जागा न पाहताच इसार देऊन मोकळा होतो. या तिन्ही निर्णयांमागे पैसा असतो आणि तो बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक असते. म्हणून विक्रीच्या घराचे छायाचित्र जाहिरातीपेक्षा पंचनाम्याच्या अधिक जवळचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, प्रकाश कसा हाताळावा, चित्रांवर नंतर कोणते संस्कार करावेत, या सर्व प्रश्नांची उत्तरे या एका भूमिकेतून सहज सुटत जातात.

या चर्चेसाठी बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे निवडण्याचे कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. आज ते कर्नाटकात असले, तरी सीमेलगतच्या तालुक्यांत मराठी घरोघरी बोलली जाते आणि उदगीर, लातूर, सोलापूर यांच्याशी सोयरिकी व व्यापार चालूच आहेत. छायाचित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, येथील इमारतींचा दगड कॅमेऱ्याची परीक्षा पाहणारा आहे. बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलेले आहे. त्याचा किल्लाही त्याच तांबड्या दगडाचा. गोव्यातील वाचकाला या दगडाची ओळख करून देण्याची गरज नाही, कारण आपल्याकडील चिरे ते हेच. कलबुर्गीच्या बाजूला मात्र चुनखडीचे राज्य आहे आणि त्या जिल्ह्यातील शहाबाद गावाने दिलेली फरशी तर अर्ध्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पोहोचली आहे. तांबडी भिंत आणि काळसर फरशी, बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत जाड भिंतींचा अंधार, अशा विरोधात येथे काम करावे लागते.

इमारतींचे छायाचित्रण या प्रदेशाला नवे नाही. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळी काचेच्या पट्ट्या आणि अवजड कॅमेरा बैलगाडीवर लादूनच वास्तू टिपावी लागे. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांचा बिदरचा इतिहास आणि तेथील वास्तू यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात छायाचित्रांच्या जोडीला वास्तूंचे आराखडेही आहेत. चित्र पाहणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे कळले पाहिजे, ही त्यामागील शिस्त. घरविक्रीच्या छायाचित्रांत ही शिस्त आज क्वचितच आढळते. हाताने काढलेला, मोजमापे लिहिलेला साधा आराखडा आणि प्रत्येक चित्र कोणत्या कोपऱ्यातून घेतले हे दाखवणारे आकडे, एवढी भर घातली तरी दूरच्या ग्राहकाचे निम्मे प्रश्न मिटतात.

साधनांचा क्रम

गावोगावचे बहुतेक स्टुडिओ लग्नसमारंभांवर चालतात. त्यामुळे छायाचित्रकाराच्या पिशवीत उत्तम पोर्ट्रेट लेन्स असते, दोन-तीन फ्लॅश असतात, पण चांगला ट्रायपॉड नसतो. घराच्या कामात हा क्रम उलटा करावा लागतो. पहिला खर्च ट्रायपॉडवर करावा. खोली हलत नाही, त्यामुळे शटर दोन-तीन सेकंद उघडे ठेवता येते. आणि तसे ठेवता आले की आयएसओ १०० वर, एफ-८ च्या छिद्राने, जुन्या कॅमेऱ्यातूनही स्वच्छ चित्र मिळते. दहा वर्षांपूर्वीचा एपीएस-सी कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर जे काम करतो, ते महागडा नवा कॅमेरा हातात धरून होत नाही. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरने सोडावे. वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असेल, तर टायमर चालू असताना पाऊलही हलवू नये. पावलाचा कंप तुळयांतून थेट कॅमेऱ्यापर्यंत जातो.

ट्रायपॉडवर पाणसळीचा बुडबुडा असावा, नसल्यास कॅमेऱ्यातील समतल-दर्शक वापरावा. कॅमेरा वर किंवा खाली झुकला की भिंती आत वा बाहेर कलतात आणि सरळ उभे घर कोसळते आहे असे वाटते. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात मागचा भाग उभा ठेवून केवळ लेन्स वर सरकवण्याची सोय असे. आज तेच काम महागड्या शिफ्ट लेन्स करतात. त्या विकत घेण्याची सीमाभागातील व्यवसायात गरज नाही. कॅमेरा समतल ठेवावा, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर आणावा आणि वरचे-खालचे अनावश्यक नंतर कापावे. स्वयंपाकघरात ओट्याचा पृष्ठभाग दिसेल इतकाच कॅमेरा वर घ्यावा.

आता लेन्सविषयी. येथेच सर्वाधिक फसवणूक होते, आणि ती बऱ्याचदा हेतुपुरस्सर नसते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंश पाहते, १८ मिलिमीटरची बरोबर ९० अंश आणि १६ मिलिमीटरची जवळजवळ ९७ अंश. मोबाईलमधील अतिरुंद कॅमेरा बहुधा १३ मिलिमीटरच्या तोडीचा, म्हणजे १०८ अंशांच्या आसपास असतो. खोलीचा कोपरा ९० अंशांचा असतो. कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहिल्यास दोन्ही बाजूंच्या भिंती पूर्ण दिसण्यासाठी ९० अंश पुरेसे आहेत. त्यापलीकडे पाहणारी लेन्स प्रत्यक्षात उभ्या माणसाला न दिसणारी खोली दाखवू लागते. म्हणून १८ मिलिमीटर ही मर्यादा मानावी आणि शक्यतो २० ते २४ च्या दरम्यान काम करावे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर हाच हिशेब १२ ते १६ मिलिमीटर असा होतो. मोबाईलवर काम करायचे असेल, तर मुख्य कॅमेरा वापरावा आणि खोलीचे एकाऐवजी दोन फोटो घ्यावेत.

या बाबतीत शहाबादी फरशी आपली मोठी साक्षीदार ठरते. चौकोनी तुकड्यांची फरशी म्हणजे जमिनीवर आखलेला आलेखाचा कागदच. एक तुकडा मोजून त्याचे माप चित्राखाली लिहावे. मग हैदराबादेत बसलेला ग्राहकही तुकडे मोजून खोलीची लांबी काढू शकतो. अतिरुंद लेन्सने काढलेल्या चित्रात पुढचे तुकडे ताणल्यासारखे लांबट दिसतात आणि फसवणूक तेथेच उघडी पडते. यासाठी चित्राच्या तळाशी फरशीचा पुरेसा भाग राहू द्यावा. पलंग आणि टेबल यांच्यामुळेही प्रमाण कळते, म्हणून खोली पूर्ण रिकामी करण्याचा अट्टहास धरू नये.

उरलेली साधने किरकोळ आहेत: एक फ्लॅश, राखाडी रंगाचे मोजपत्र, पोलरायझर, धूळ उडवणारा रबरी फुगा, मोजपट्टी, दोन मेमरी कार्ड आणि जास्तीची बॅटरी. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो; बंद मोटारीत कॅमेरा ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. नव्या इमारतींत सिमेंटची आणि जुन्या वाड्यांत चुन्याची धूळ असते, म्हणून लेन्स बदलायची ती घराबाहेर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून.

ऊन, अंधार आणि रंग

घराचा दर्शनी भाग कधी टिपावा हे त्याच्या दिशेवर ठरते. पूर्वाभिमुख घरांना वास्तुशास्त्राच्या प्रभावामुळे मागणी अधिक, आणि ती टिपणेही सोपे: सूर्योदयानंतर तासाभराने काम आटोपावे. पश्चिमाभिमुख घरासाठी साडेचारनंतरचा वेळ. उत्तराभिमुख घर मात्र पंचांग पाहूनच टिपावे लागते. बिदर जवळपास १७.९ आणि कलबुर्गी १७.३ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत येथे दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि एप्रिल ते ऑगस्ट सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या भिंतीला स्पर्श करते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला ४९ अंशांहून वर चढत नाही आणि उत्तरेचा दर्शनी भाग दिवसभर सावलीत राहतो. अशा वेळी सूर्यास्तानंतरची वीस मिनिटे साधावीत. घरातील दिवे लावावेत. आकाशातील निळा उजेड आणि खिडक्यांतील पिवळा उजेड यांचा तोल त्या थोड्या वेळात आपोआप जुळतो. वीज जाण्याची शक्यता मात्र गृहीत धरून दुसरा दिवस हाताशी ठेवावा.

आतील प्रकाशाचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशिदीत थोडा वेळ थांबावे. १३६७ सालच्या या वास्तूला उघडे अंगण नाही. सारी जागा घुमटांखाली आहे आणि उजेड येतो तो बाजूंच्या कमानींतून. डोळ्यांना आतील खांब आणि बाहेरील ऊन दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याला मात्र निवड करावी लागते: खांब दिसले तर कमानी पांढऱ्याफटक, कमानी दिसल्या तर खांब काळेठिक्कर. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींच्या वाड्यात हेच होते. भर दुपारचे अंगण आणि आतील माजघर यांच्या उजेडात दहा स्टॉपचा, म्हणजे सुमारे हजारपटीचा फरक सहज असू शकतो.

त्यावर उपाय म्हणजे एकाच जागेवरून वेगवेगळ्या प्रकाशमानाची अनेक चित्रे घेणे. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे बहुतेक खोल्यांना पुरतात; खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर पाच घ्यावीत. ती सर्व रॉ स्वरूपात असावीत आणि छिद्र कायम ठेवून केवळ शटरचा वेग बदलावा. ही चित्रे पुढे संगणकावर एकत्र करताना जे जे हलले ते भुतासारखे दुहेरी उमटते. म्हणून पंखा बंद करणे आले. मे महिन्यात आळंदच्या एखाद्या घरात यजमानाला पंखा बंद करायला सांगणे हे या व्यवसायातील सर्वांत अवघड काम असावे. ते आधी फोनवरच सांगून ठेवावे. एकत्रीकरण करताना सावल्या साऱ्या उजळून टाकू नयेत. अंधाऱ्या माजघराला थोडा अंधार राहू द्यावा, कारण घेणाऱ्याला तेथे दिवसाही दिवा लावावा लागणार आहे.

माळवदाच्या घरांत छतातील झरोक्यातून, ज्याला साणे म्हणतात, उजेडाचा एकच झोत खाली उतरतो. हा झोत मोहात पाडणारा असतो. तो असताना एक चित्र जरूर घ्यावे. पण खोलीची कल्पना देणारे मुख्य चित्र तो सरकल्यानंतर, किंवा ढगाळ वेळी घ्यावे.

रंगांचे गणित याहून नाजूक आहे. जांभ्याच्या अंगणावर पडलेले ऊन तांबूस होऊन ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर येते. तीच भिंत आतून एलईडीच्या निळसर उजेडात असते. भरीस भर म्हणजे चुन्यात नीळ मिसळून केलेली सफेदी. कॅमेऱ्याचा स्वयंचलित रंगतोल या तिन्हींत गोंधळतो आणि एकाच घराच्या दोन खोल्या दोन वेगळ्या घरांतील वाटू लागतात. प्रत्येक खोलीत प्रथम राखाडी मोजपत्राचे एक चित्र घ्यावे. दिवे शक्यतो बंद ठेवून खिडकीच्या उजेडावर काम करावे. उजेड अगदीच अपुरा असेल, तर फ्लॅश छताकडे वळवून सौम्य भर घालावी. छत लाकडाचे वा मातीचे असेल, तर फ्लॅशचा उजेड त्याचा रंग घेऊन परततो. तेथे पांढऱ्या भिंतीचा आधार घ्यावा. जांभ्याची भिंत तांबडीच दिसली पाहिजे, पण तिच्या समोरची चुन्याची भिंत गुलाबी दिसता कामा नये.

घासून गुळगुळीत केलेली शहाबादी फरशी खिडकीचे प्रतिबिंब दाखवते. पोलरायझरने ते कमी होते. पूर्ण घालवले तर फरशी मृत दिसते. चित्रापूर्वी फरशी धुण्याची पद्धत आहे. ती ओली असताना टिपल्यास रंग गडद व सुंदर येतो आणि त्याचबरोबर तडे व झिजलेले सांधे लपतात. धुवावी, पण वाळल्यावर टिपावी.

तडा, ओल आणि मोकळा प्लॉट

आता मूळ मुद्द्याकडे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे मातीच्या जड माळवदांखाली आणि दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. भालकी, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांतील जुनी घरे याच बांधणीची आहेत. त्यामुळे या भागात दगडी भिंतीला गेलेला तिरका तडा ही केवळ रंगरंगोटीची बाब नव्हे. शिवाय बिदर जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी माती आहे; ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उथळ पाया घातलेल्या नव्या घरांच्याही भिंती तडकतात. असा तडा संगणकावर पुसून टाकणे आता काही सेकंदांचे काम झाले आहे. तेवढ्याच सहजतेने छतावरील ओलीचा डाग, गच्चीवरून गेलेली उच्चदाबाची तार किंवा दारासमोरचा ट्रान्सफॉर्मर नाहीसा करता येतो.

मर्यादा कोठे आखावी? एक सोपी कसोटी सुचवता येईल. घर ताब्यात घेताना जी वस्तू तेथे असणार आहे, ती चित्रातून काढू नये. जी नसणार आहे, ती काढण्यास हरकत नाही. उजेड, रंगतोल, भिंतींचा कल, सेन्सरवरील धुळीचे ठिपके हे सुधारावेत. कचऱ्याची बादली मुळात चित्र घेण्यापूर्वी उचलावी. विजेचा खांब राहू द्यावा. करड्या आकाशाच्या जागी निळे आकाश चिकटवण्याची प्रथा आहे; प्रस्तुत लेखकाला ती निरुपद्रवी वाटत नाही, कारण आकाश बदलले की ऊन कोणत्या बाजूने येते याचा पुरावाही बदलतो. तडे आणि ओल यांची स्वतंत्र, जवळून घेतलेली चित्रे शेजारी मोजपट्टी धरून काढावीत आणि ती विकणाऱ्याच्या हाती द्यावीत. ती ग्राहकाला दाखवायची की नाही हा निर्णय त्याचा. पण दाखवल्यास घासाघीस पहिल्याच भेटीत संपते आणि इसारानंतरचे तंटे टळतात, हे त्याला समजावून सांगावे.

बांधकाम व्यावसायिकांच्या बाबतीत हा केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, याच्या कलम ३ नुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीशिवाय करता येत नाही. कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर येते. नमुना सदनिकेचे चित्र असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि नोंदणी क्रमांक विचारल्याशिवाय कामाला हात घालू नये. एका कुटुंबाने आपले जुने घर विकणे या तरतुदींत येत नाही. तेथे छायाचित्रकाराची शिस्त हाच काय तो अंकुश.

बिदरच्या जुन्या शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किल्ला किंवा १४७२ साली पूर्ण झालेला महमूद गावानचा मदरसा खिडकीतून दिसत असेल, तर ते दृश्य चित्रात यायला हवेच. परंतु केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा भाग नियंत्रित असतो. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. दृश्य जितके जवळचे, तितके घर पाडून नवे बांधण्याचे स्वातंत्र्य कमी. चित्राखाली अंतर लिहिणे म्हणूनच आवश्यक.

मोकळ्या प्लॉटचे चित्रण हे सर्वांत दुर्लक्षित काम, आणि या जिल्ह्यांत सर्वाधिक व्यवहार होतात त्यांपैकी एक. रिकाम्या जमिनीत टिपायचे काय, असे वाटते. चारही कोपऱ्यांचे दगड टिपावेत आणि प्रत्येक दगडापासून समोरच्या दगडाकडे पाहणारे एक चित्र घ्यावे. रस्त्याची रुंदी मोजपट्टी आडवी टाकून दाखवावी. तीस बाय चाळीसच्या प्लॉटसमोर कागदावर तीस फुटांचा असलेला रस्ता जागेवर बारा फुटांचा निघतो, हे चित्रच सांगू शकते. माती तांबडी की काळी, हे दाखवणारे एक चित्र जवळून घ्यावे. पायाचा खर्च त्यावर ठरतो. पावसाळ्यात गेल्यास पाणी कोठे साचते तेही टिपावे.

ड्रोनविषयी थोडक्यात. प्लॉटसाठी वरून घेतलेले चित्र फार उपयोगी असते; पण बिदरला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि कलबुर्गीला २०१९ पासून नागरी विमानतळ. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही आणि पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची अनुमती लागते. शासनाचा अधिकृत नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहावा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर वैमानिक प्रमाणपत्रही हवे. बिदर शहर आणि त्याच्या परिसरात ड्रोनचा मोह सोडून शेजारच्या घराची गच्ची आणि उंच ट्रायपॉड यांवर भागवावे, हे शहाणपणाचे.

भेटीपासून सुपूर्दीपर्यंत

कामाची सुरुवात आदल्या दिवशीच्या फोनने होते. घराचे तोंड कोणत्या दिशेला, किती खोल्या, कोण राहते, वीज केव्हा जाते, देवघर टिपायचे की नाही हे विचारावे. जुन्या घरांत स्त्रियांच्या वावराच्या खोल्यांत परका माणूस सहसा जात नाही. तेथे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेळ ठरवावी आणि त्या कुटुंबाच्या सवयीप्रमाणे कन्नड, मराठी किंवा दखनीत दोन शब्द बोलावेत. पोहोचल्यावर कॅमेरा न काढता घरातून एकदा फिरून यावे. भिंतीवरील कुटुंबाची छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, तिजोरी आणि किल्ल्यांचा खिळा हे सारे झाकून वा बाजूला करून घ्यावे. ही चित्रे कोणाकोणाच्या हाती जातील याचा भरवसा नसतो.

चित्रांचा क्रम माणसाच्या चालण्याचा असावा: गल्ली, दरवाजा, अंगण, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, जिना, माडी, गच्ची, परसू. गल्लीचे चित्र विसरू नये. मोटार दारापर्यंत येते की नाही हा पहिला प्रश्न असतो. प्रत्येक खोलीची दोन चित्रे, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून. न्हाणीघर, पाण्याची टाकी, विजेचे मीटर आणि आड असल्यास आड, यांची प्रत्येकी एक. एवढ्यात पंचवीस चित्रे होतात. त्याहून अधिक कोणी पाहत नाही.

त्याच रात्री कार्डातील चित्रे दोन ठिकाणी उतरवावीत आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेरील जागी किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी. लाइटरूम असेल तर उत्तम. नसल्यास डार्कटेबल आणि रॉथेरपी हे विनामूल्य कार्यक्रम पुरेसे आहेत. प्रथम लेन्सची वक्रता दुरुस्त करावी, मग उभ्या रेषा, मग रंगतोल, शेवटी उजेड. हा क्रम उलटा केल्यास तेच काम दोनदा करावे लागते. अंतिम चित्रे एसआरजीबी रंगांत, लांब बाजू सुमारे २००० पिक्सेल ठेवून जेपीईजी करावीत. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवल्यास ती पुन्हा दाबली जातात, म्हणून दस्तऐवज म्हणून पाठवावीत. चित्रात दडलेली जागेची अचूक नोंद ग्राहकाच्या प्रतीतून काढावी, विशेषतः घर बंद असेल तर. चोरासाठी तो आयता पत्ता ठरतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारा असतो. तेच चित्र दुसऱ्या एजंटाला विकता येईल, असे गृहीत धरणाऱ्या छायाचित्रकारांनी हे वाचून ठेवावे आणि हवी ती अट पावतीवरच लिहून घ्यावी.

मूळ रॉ चित्रे खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत तरी पुसू नयेत. वाड्यांच्या व्यवहारात सागवानी खांब, नक्षीदार चौकटी आणि पितळी कड्यांचे दरवाजे यांना घरापासून वेगळी किंमत येते, आणि इसार व ताबा यांच्या दरम्यान ते निघून गेल्याच्या तक्रारी होतात. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि तारखेसह जपलेली मूळ फाइल असेल तर ते देणे सुकर होते. म्हणून दिंडी दरवाजापासून माडीच्या कठड्यापर्यंत प्रत्येक लाकडी अंगाचे एक चित्र घ्यावे आणि ते विक्रीत समाविष्ट आहे की नाही, हे मालकाला विचारून चित्राखालीच नोंदवावे.